ढगातली वाळू

आमच्या गल्लीत वाळूचा बेकायदा साठा केल्याचा संशय ज्या माणसावर आला, तो मी. थर्मल वीजकेंद्राच्या स्टोअरमध्ये मी हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलं आणि एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. साहेबांनी घरच्या पंख्यासाठी नट मागितला तेव्हा मी त्यांना मागणीपत्र भरायला लावलं होतं. अशा माणसाच्या दारात, निवृत्तीनंतर, शेजारीपाजारी बघत असताना तलाठी उभा राहतो आणि विचारतो, "काका, साठा कुटं हाय?"

साठा ढगात होता. मी तसं त्याला सांगितलं आणि तिथून प्रकरण हाताबाहेर गेलं.

पण हे आधीपासून सांगायला हवं. सत्यभामा, म्हणजे माझी पत्नी, नातू झाला म्हणून पुण्याला मुलाकडं गेली. दोन महिन्यांसाठी गेली होती. नातू आता बूट घालून शाळेत जातो. मधे ती येऊन गेली, नाही असं नाही. आली, लोणचं घातलं, डब्यांवर 'हे आधी संपवा' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि परत गेली. आता मला तिकडं कोणी 'येऊ नका' म्हटलेलं नाही. पण 'या' असंही कोणी म्हटलेलं नाही. मुलाचं घर लहान, आणि मी आमंत्रणाशिवाय कुठं जात नसतो. लग्नाची पत्रिका कोणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर मी त्या लग्नाला जात नाही. याला बाणा म्हणतात. बाणा सांभाळणारा माणूस बऱ्याचदा एकटाच वरणभात जेवताना आढळतो, हा भाग निराळा.

दर रविवारी पुण्याहून फोन येतो. मुलगा, जीवन, विचारतो, "अप्पा, जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." तो म्हणतो, "तब्येत?" मी म्हणतो, "बरी आहे." मग तो म्हणतो, "आई बोलते," आणि आई म्हणते, "अहो, गॅस बंद करता ना नीट? अगं बाई, हा चढला बघा टेबलावर, ठेवते हं." संपलं. एवढ्यासाठी मी सकाळपासून फोन चार्ज करून ठेवलेला असायचा. फोन ठेवल्यावर घर इतकं गप्प व्हायचं, की खिडकीच्या जाळीवर राख बसते तीसुद्धा ऐकू येईल असं वाटायचं.

म्हणून एका रविवारी 'बरी आहे'च्या नंतर मी पटकन विचारलं, "जीवन, तू नेमकं काम काय करतोस?"

मुलगा नोकरीला लागून काळ लोटला होता आणि मी हे पहिल्यांदा विचारत होतो.

"अप्पा, ओपन सोर्स क्लाऊड."

"म्हणजे?"

"म्हणजे असं सॉफ्टवेअर जे एकाच्या मालकीचं नसतं. जगभरचे लोक मिळून लिहितात, कोणीही वापरू शकतं. आणि क्लाऊड म्हणजे दुसरीकडं ठेवलेली मोठी यंत्रं आपण घरबसल्या वापरायची."

"म्हणजे गावजेवणासारखं. भांडी दुसऱ्याची, स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा."

तो हसला. माझा मुलगा माझ्या बोलण्यावर हसला! मी लगेच म्हणालो, मला दाखव. त्यानं माझ्यापासून सुटका करून घेण्यासाठी एक लिंक पाठवली. तो होता सँडबॉक्स. हे क्लाऊडचं सॉफ्टवेअर कोणालाही करून पाहता यावं म्हणून काही स्वयंसेवकांनी फुकट उघडी ठेवलेली जागा. "लहान पोरं वाळूत खेळतात ना अप्पा, तसं. तिथं काहीही करा, काही बिघडत नाही. थोड्या दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जातं."

काहीही केलं तरी बिघडत नाही अशी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या नोकरीत आणि माझ्या संसारात, दोन्हीकडं, जरा हात लावला की बिघडायचं.

जीवननं मागं ठेवलेला जुना लॅपटॉप मी पुसून घेतला आणि अर्ज केला. अर्जात विचारलं होतं, तुमची संस्था कोणती? मी प्रामाणिकपणे 'कोणतीही नाही' लिहिलं. अर्ज नामंजूर. जगात कुठंही जा, एकट्या माणसाचा अर्ज पुढं सरकत नाही. मग मी 'ज्येष्ठ नागरिक मंडळ, परळी वैजनाथ' असं लिहिलं. मी मंडळाचा सहचिटणीस आहे, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं. पुढं विचारलं होतं, ही जागा तुम्हाला कशासाठी हवी? तिथं मी लिहिलं, मुलाचं काम समजून घेण्यासाठी.

मंजुरी देणारा कोणी परदेशी गृहस्थ होता. त्यानं इंग्रजीत दोनच ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ असा, की मलाही वडील आहेत, त्यांनी मला हे कधी विचारलं नाही. स्वागत आहे.

मी ते जरा वेळ बघत बसलो. मग चहा टाकला. एकट्याचाच टाकला, पण चांगला आलं घालून.

तर त्या जागेत आपल्याला एक सर्व्हर तयार करता येतो. खरा नसतो, पण खऱ्यासारखा चालतो. त्याला नाव द्यावं लागतं. नाव द्यायच्या बाबतीत माझं डोकं चालत नाही. मुलाचं नावसुद्धा सासरच्यांनीच ठेवलं. मी पहिलं सुचलं ते टाकलं, 'सत्या'. बटण दाबलं. चाक फिरलं. आणि पडद्यावर आलं, 'सत्या, चालू आहे.' मी पडद्यावरची ती खिडकी बंद करून परत उघडली. 'सत्या, चालू आहे.' रोज दुपारी जेवण झालं की मी बघायचो, आणि ती चालू असायची. आमच्या लग्नानंतर मला कुठल्याही प्रश्नाचं एवढं सरळ उत्तर मिळालेलं नव्हतं.

आणि मग मला त्या जागेचा खरा फायदा कळला. चुका. एखादी आज्ञा चुकीची दिली की पडद्यावर लाल अक्षरं यायची, आणि त्या लाल अक्षरांचा फोटो जीवनला पाठवला की जीवनचा फोन यायचा. रविवार नसताना! "अप्पा, तुम्ही ते पोर्ट उघडलं नाही." मग तो मला पोर्ट म्हणजे काय ते सांगायचा, मी मुद्दाम दोनदा विचारायचो. बरोबर चाललं असलं, की आमच्यात बोलायला काही नसायचं. म्हणून मी मेहनतीनं चुका करू लागलो. चांगली, गुंतागुंतीची चूक करणं सोपं नसतं. साध्या चुकीला तो नुसतं 'परत सुरू करा' एवढंच लिहून पाठवायचा. एका चुकीवर मी तीन दुपारी घालवल्या, आणि ती इतकी उत्तम साधली की जीवन म्हणाला, "अप्पा, हे तुम्ही केलं तरी कसं?" त्या दिवशी मी बाहेरून जिलबी आणली.

पण पोराला त्याचीही कामं होती. हळूहळू तो लिहू लागला, 'अप्पा, मीटिंगमध्ये आहे.' 'अप्पा, मदतपुस्तिकेत बघा.' मग नुसता अंगठा. मी समजलो. समजलो म्हणजे, वाईट वाटलं आणि गप्प बसलो.

मग उरला तो सँडबॉक्स. त्याचा एक नियम होता. जागा फुकट असल्यामुळं ती कोणी अडवून ठेवू नये म्हणून पडद्यावर अधूनमधून प्रश्न यायचा, 'तुम्ही अजून इथं आहात का?' खाली एक बटण. दाबलं की मुदत वाढते. ठरलेल्या वेळात दाबलं नाही की सगळं साफ. मी घरात कुठंही असलो तरी येऊन ते बटण दाबायचो. भाजी फोडणीला टाकलेली असली तरी. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाची मी वाट बघायचो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण तुम्ही विचारलंतच नाही म्हणून सांगतो.

आता वाळूकडं येऊ.

शेजारी उत्तरेश्वर गुरुजी राहतात. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे अध्यक्ष. इंग्रजी शब्द कानावर पडला की त्यांना त्याचं मराठी केल्याशिवाय घास उतरत नाही. मी ओट्यावर बसून लॅपटॉप बघत होतो, तर त्यांनी विचारलं काय ते. मी म्हणालो, "सँडबॉक्स मिळालाय. फुकट. जीवननं काम करून दिलं."

"म्हणजे वाळूपेटी," गुरुजी म्हणाले. "मोफत वाळूपेटी. किती मोठी?"

"म्हणाल तेवढी. मंडळाच्या नावानं घेतलीय."

गुरुजींनी हे पुढं केशकर्तनालयात सांगितलं. केशकर्तनालयातून निघताना त्यातली पेटी गळाली आणि वाळू राहिली. आता दुसऱ्या जिल्ह्यात कोणी म्हणालं की मला फुकट वाळू मिळाली, तर लोक म्हणतील, बरं. आमच्याकडं वाळू म्हणजे नुसती वाळू नसते. वाळू म्हटलं की लोक आवाज खाली आणतात.

सगळ्यात आधी छबुबाई आल्या. त्या मागच्या बोळात शेळ्या पाळतात. हातात रिकामं घमेलं.

"भाऊ, शेळ्याच्या खोपटात लई चिखल हाय. दोन घमेले टाकले असते."

"छबुबाई, माझ्याकडं वाळू नाही."

"मला कावून लपवता? मी काय कुणाला सांगन व्हय?" असं म्हणून त्या घमेलं माझ्याच ओट्यावर ठेवून गेल्या. सोयीनं भरून ठेवा, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तलाठी आला. तरुण, सभ्य, केसांना जेल. त्याच्याकडं निनावी तक्रार होती. मी त्याला आत बसवलं, लॅपटॉप उघडला आणि सत्या दाखवली. "हे बघा, ही वाळू खरी नाही. ही क्लाऊडमध्ये आहे."

"क्लाऊड म्हंजे ढग ना, काका?"

"हो."

"वाळू ढगात हाय?"

"तुम्ही म्हणता तशी वाळू नाही ही. प्रयोगासाठीची जागा आहे."

"जागा पण हाय?" त्यानं लिहून घेतलं.

पंचनाम्याला पंच लागतात, म्हणून उत्तरेश्वर गुरुजी आणि छबुबाईंना बोलावलं. सगळ्यांनी मिळून माझं घर तपासलं. पाण्याच्या टाकीमागं बघितलं, माळ्यावर बघितलं, सत्यभामेच्या लोणच्याच्या बरण्यांमागं बघितलं. आणि जिन्याखाली तलाठी थांबला. तिथं लाल बादली होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरात 'आग' लिहिलेलं आणि बादली काठोकाठ वाळूनं भरलेली.

थर्मलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात आगीसाठी वाळूची बादली असते, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, "काका, माजा नाइलाज हाय. वाळू दिसली की लिवावं लागतं." त्यानं पंचनाम्यात लिहिलं, 'सदर इसमाच्या राहत्या घरी एक बादली वाळू मिळून आली. उर्वरित साठा ढगात असल्याचे सदर इसम सांगतो.' खाली गुरुजींनी सही केली, पण आधी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. छबुबाईंनी अंगठा देताना माझ्याकडं असं बघितलं, की होती की वाळू!

बादली जप्त झाली. तलाठ्याच्या मोटरसायकलच्या हँडलला माझी बादली लटकत गेली आणि सगळी गल्ली ती 'आग' वाचत होती. घरात बोलायला माणूस असतं तर मी चिडलो असतो. चिडायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं. मी जीवनला लिहिलं, 'घरी पंचनामा झाला.' अंगठा आला.

संध्याकाळी मोहनराव आले. मोहनराव म्हणजे आमच्या भागातले पुढारी. शेती भरपूर, टिप्पर किती हे विचारायचं नसतं. आजवर मी त्यांना नमस्कार करत आलो आणि ते मान हलवत आले. त्या दिवशी ते माझ्या सोफ्यावर टेकले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "तू भायेर थांब बे." मग माझ्याकडं झुकले.

"अंगदराव, आपण एका गावचे. मला कावून न्हाई सांगितलं?"

"काय, साहेब?"

"वर कोण हाय तुमचा?"

"वर?" मी म्हणालो. "वर एक स्वयंसेवक आहे. परदेशात असतो. तोच मंजुरी देतो."

मोहनरावांचा चहाचा कप मधेच थांबला. "डायरेक? जिल्ह्याला न विचारता?"

"काही विचारायचं नसतं. एक अर्ज केला की झालं."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. इतक्या आदरानं माझ्याकडं कोणी कधी बघितलं नव्हतं, आणि तो आदर पूर्णपणे चुकीच्या कारणासाठी होता. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आमी हाओत. काय बी लागलं तर सांगा." मला लागत होतं ते त्यांच्याकडं नव्हतं.

गोष्ट एवढी वाढल्यावर खुलासा करणं भागच होतं. गुरुजींनी मंडळाची सभा घेतली. सहचिटणिसानं मंडळाच्या नावावर वाळू उचलली, असा विषय होता. मी तासभर बोललो. गावजेवणाचं उदाहरण दिलं, भांड्यांचं दिलं. शेवटी सगळ्यांनी असं ठरवलं, की अंगदराव म्हणतात ते खरं असेल तर त्यांनी त्या ढगात मंडळाचं काहीतरी करून दाखवावं, चार लोकांसमक्ष. म्हणजे वाळू नाही हे सिद्ध होईल.

"मंडळाचं संकेतस्थळ करा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, पण ती तात्पुरती जागा आहे. सगळं पुसलं जातं."

"नश्वर तर सगळंच आहे, अंगदराव. आपण सभासद कुठं कायमचे आहोत?"

मी कामाला लागलो. आणि खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले गेले. लोक घरी येत. फोटो आणून देत. एकानं जवानीतला कुस्तीचा फोटो आणला, त्यात तो खाली आणि दुसराच वर होता. छबुबाई मंडळाच्या सभासद नव्हत्या, पण त्यांनी दोन शेळ्यांचा फोटो आणला आणि तो मी सल्लागार या पानावर टाकला. गुरुजींनी 'वार्धक्य: एक चिंतन' हा लेख दिला, त्याला शेवट नव्हता. माझ्या ओट्यावर चपलांचा ढीग पडू लागला. मी ते सगळं सत्यावर चढवलं, रंग दिले, वर वैजनाथाच्या शिखराचं चित्र ठेवलं. जीवनची मदत घेतली नाही. मुद्दाम चूक केली नाही, आणि पहिल्यांदाच सगळं बरोबर चाललं.

सत्यभामेला मी फोनवर सांगितलं, उद्घाटन आहे. ती म्हणाली, "अय्या! येते की मी." मग आदल्या दिवशी म्हणाली, "अहो, पिल्लूच्या शाळेत काहीतरी आहे हो. त्याला नाटकात बेडूक करायचंय." मी म्हणालो, "हरकत नाही." बेडकापुढं माझं काय चालणार?

उद्घाटन सकाळी होतं, मोहनरावांच्या हस्ते. मंडळाच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप मांडला. शेजारी माझा फोन, कारण इंटरनेट त्याच्यातून घेतलं होतं. गुरुजींनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, हार घातला, फोनवर झेंडूचं फूल ठेवलं आणि सगळ्यावर जरीचं वस्त्र पांघरलं. मग खोलीला बाहेरून कुलूप घातलं.

"कुलूप कशाला, गुरुजी?"

"पाहुण्यांच्या हस्तेच उघडायचं. तोवर कोणी हात लावायचा नाही." आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकून ते मोहनरावांना आणायला गेले.

पुढारी वेळेवर आला तर लोक त्याला पुढारी मानत नाहीत. मोहनरावांना आधी एक बारसं होतं, मग धर्मापुरीकडं कोणाच्यातरी दुकानाची फीत होती. सभासद सावलीत खुर्च्या सरकवत बसले. चहा झाला. परत चहा झाला. आणि मला आठवलं, की त्या प्रश्नाची वेळ झाली.

मी खिडकीशी गेलो. काच धुरकट होती. आत जरीच्या वस्त्राखालून उजेड दिसत होता. म्हणजे प्रश्न आला होता. तुम्ही अजून इथं आहात का? मी इथंच होतो. हातभर अंतरावर, भिंतीच्या अलीकडं, ठेवणीतला शर्ट घालून उभा होतो. कुलूप हलवून बघितलं. सभासद म्हणाले, "अंगदराव, एवढी काय घाई? आपलीच खोली आहे." एकाचा फोन घेऊन गुरुजींना लावला, तर ते मोहनरावांच्या गाडीत होते आणि गाडीत गाणं जोरात वाजत होतं. "हो हो, येतोय!" ते ओरडले. मी म्हणालो, "गुरुजी, बटण!" ते म्हणाले, "शाल घेतलीय!"

काचेतला उजेड थोड्या वेळानं गेला.

मोहनराव आले, फटाके वाजले, कुलूप निघालं, फीत कापली. त्यांच्या एका कार्यकर्त्यानं मोबाईल वर धरून चित्रण सुरू केलं. वस्त्र काढलं. मी हारातून हात घालून लॅपटॉप जागा केला, आणि मोहनरावांनी कीबोर्डच्या कडेचं बटण अख्ख्या सभेसमोर दाबलं.

पांढरा पडदा. त्यावर इंग्रजीत एक ओळ.

मला ती ओळ वाचायची गरज नव्हती. कुस्तीचा फोटो गेला होता, शेळ्या गेल्या होत्या, वार्धक्याचं चिंतन गेलं होतं. सत्या चालू नव्हती.

गुरुजींनी चष्मा वर केला आणि माईकवर त्या ओळीचं मराठी केलं. "सापडले... नाही."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी तोंड उघडलं, पण त्या माईकवर मोहनरावांचा हात आधी पडला. पुढारी उगीच होत नाही कोणी.

"ऐकलं का समद्यांनी?" ते गरजले. "सापडले न्हाई! यंत्रानं सवता सांगितलं! आमच्या अंगदरावाकडं वाळू सापडली न्हाई! ज्यानं कुणी तक्रार केली असंल त्यानं डोळं उघडून बगावं!"

असा कडकडाट झाला टाळ्यांचा, की बाहेरचं कुत्रं पळालं. माझ्या डोक्याला फेटा बांधला. शाल माझ्यासाठीच होती हे मला तेव्हा कळलं. माझी निर्दोष मुक्तता झाली होती. मी पुन्हा स्टोअरमधला तोच माणूस झालो, ज्यानं वॉशर हलू दिला नाही. आणि कोणीही, एकानंही, विचारलं नाही, की अंगदराव, ते पान कसं दिसत होतं. कुस्तीवाल्यानंसुद्धा नाही. पेढा खाऊन लोक घरोघरी गेले.

फेटा घालून मी घराकडं निघालो. छबुबाई बरोबर चालत होत्या.

"भाऊ, शेळ्या पण पुसल्या का?"

"पुसल्या, छबुबाई."

त्या माझ्या फेट्याकडं बघत चार पावलं चालल्या. मग म्हणाल्या, "तुमी लई दिस बसलता तेच्यावर. मी बघत व्हते खिडकीतून." आणि बोळाकडं वळल्या.

मी एवढं सगळं जीवनला लिहिलं. त्यानं लिहिलं, 'अप्पा, सँडबॉक्सच आहे ना. नवीन सुरू करा.' त्याचं बरोबर होतं. ती जागा त्यासाठीच असते. मी लॅपटॉपवरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसत बसलो. ते फटीत गेलं होतं.

दिवेलागणीला फोन वाजला. सत्यभामा. रविवार नव्हता. कार्यकर्त्यानं केलेलं ते चित्रण सगळ्या परळीत फिरून, घाटनांदूरला तिच्या माहेरी जाऊन, तिथून पुण्याला पोचलं होतं. मी तयारीत होतो. मुदत कशी संपली, कुलूप कसं लागलं, दोष माझा कसा नाही, हे सगळं क्रमानं सांगायचं ठरवलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही किती वाळलात!"

मी मान खाली घालून शर्टाकडं बघितलं.

"तो शर्ट तुम्हाला घट्ट व्हायचा. गळ्यातून केवढा ओघळलाय! मी योगिताला दाखवलं. ती म्हणाली, नाही आई, कॅमेऱ्यात तसं दिसतं. मी म्हटलं, मला शिकवू नको. जेवता काय तुम्ही?"

"जेवतो."

"काय जेवता?"

मला मुदत, कुलूप, बटण, काही आठवेना. ठरवलेलं सगळं भाषण गेलं. तोंडातून निघालं ते असं.

"मी येऊ का तिकडं?"

एवढं बोलून माझे कान गरम झाले. इतक्या वर्षांचा बाणा, आणि तो मी स्वतः होऊन खाली ठेवला होता. पलीकडं ती श्वास घेताना ऐकू आली. काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात योगितानं, सुनेनं, आतून हाक मारली, "आई, जरा इकडं येता का? ह्यानं पीठ सांडलं!"

"अहो, थांबा हं," सत्यभामा म्हणाली. "ठेवू नका. आलेच मी."

तिनं फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला असावा. बंद केला नव्हता. आधी नळाचा आवाज आला. मग मिक्सर. नातू कोणावर तरी ओरडत होता, बेडूक अजून त्याच्या अंगातून उतरला नव्हता बहुतेक, कारण मधेच त्यानं डरावडराव केलं आणि जीवन हसला. जीवन घरी असा हसतो हे मला माहीत नव्हतं. मी फोन कानाला घट्ट धरून खुर्चीत बसलो. फेटा काढायचं राहिलं होतं. पिठाबद्दल कोणी रागावलं, कोणी समजूत घातली, झाडूचा आवाज झाला. कोणीही माझ्याशी बोलत नव्हतं आणि मी सगळ्यांमधे बसलेलो होतो.

कुकरनं शिट्टी दिली. परत दिली. मग तो नुसताच फुसफुसत राहिला आणि त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

"अगं, गॅस बारीक कर!" मी इकडून ओरडलो.

माझा आवाज तिथं कोणाला जाणार? पण थोड्या वेळानं गॅस कोणीतरी बारीक केला.